सेकूतुस एस्त: कोण कोणाच्या मागे गेला?

संत मत्तयाच्या सणाला, २१ सप्टेंबरला, जुन्या लॅटिन मिस्सेत (कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेत) जे शुभवर्तमान वाचलं जाई, ते मत्तयाच्याच नवव्या अध्यायातलं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकात, मिस्सा लोकभाषेत आली. तोपर्यंत गोव्यात आणि वसईतही वेदीवर हे वचन लॅटिनमध्येच म्हटलं जात होतं. माझ्याकडे लॅटिन शिकणारी वसईची एक विद्यार्थिनी घरातल्या जुन्या मिस्सापुस्तिकेतून हेच वचन घेऊन आली. संपूर्ण वचन असं:

«एत कुम त्रान्सीरेत इन्दे येसुस, विदित होमिनेम सेदेन्तेम इन तेलोनिओ, मात्थेउम नोमिने. एत आइत इल्ली: सेक्वेरे मे. एत सुर्गेन्स, सेकूतुस एस्त एउम.»

येशू तिथून जात असताना त्याने जकातीच्या नाक्यावर बसलेला मत्तय नावाचा एक माणूस पाहिला, इथवर तिला काहीच अडचण आली नाही. अडचण शेवटच्या सहा-सात शब्दांत होती. तिने वहीत लिहिलं होतं: «आणि तो त्याला म्हणाला, माझ्या मागे येणं. आणि उठल्यावर त्याच्या मागे जाण्यात आलं.» म्हणजे मत्तय उठून चालू लागला आणि येशू त्याच्या पाठोपाठ गेला. कथा तिला लहानपणापासून माहीत होती, त्यामुळे हे चुकलंय हे तिलाही कळत होतं. पण व्याकरण तर तेच सांगतंय, असं तिचं म्हणणं होतं.

तिचा तर्क मला फार मोलाचा वाटला. त्यात आळस नव्हता, अंदाज नव्हता. शिकवलेला प्रत्येक नियम तिने नीट लावला होता. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

नियम बरोबर, उत्तर चूक

तोवर ती काय शिकली होती ते पाहू. «दूकेरे» म्हणजे नेणं. लॅटिनमध्ये «-रे» हा शेवट दिसला की ते बहुधा धातूचं मूळ नाम, मराठीत «-णे» लावून होतं तसं. मग «सेक्वेरे» म्हणजे मागे जाणं किंवा मागे येणं. दुसरं, «दुक्तुस एस्त» म्हणजे तो नेला गेला. भूतकाळवाचक धातुसाधित आणि त्यापुढे «एस्त» (आहे) अशी जोडी आली की ती भूतकाळातली कर्मणी रचना. मग «सेकूतुस एस्त» म्हणजे ज्याच्या मागे जाण्यात आलं तो. «सुर्गेन्स», म्हणजे उठणारा, हे प्रथमेत आहे, तेव्हा जो उठला त्याच्याच मागे कोणीतरी गेलं. उठला तर मत्तय. यात तर्काची चूक दाखवणं अवघड आहे.

मी तिला एवढंच विचारलं, की «एउम» कुठे बसवलंस?

«मॅडम, तेच कळत नाही. «एउम» द्वितीया आहे ना? त्याला. पण कर्मणीत कर्म प्रथमेत यायला हवं, मग ही द्वितीया कुणाची?»

गाठ तिथेच होती आणि ती तिच्या हाताला लागली होती. मी तिला तिनेच आधी वाचलेलं मत्तय ४:१ काढायला सांगितलं. येशूला मोहात पाडलं जातं त्या प्रसंगाची सुरुवात: «तुन्क येसुस दुक्तुस एस्त इन देसेर्तुम आ स्पिरितू.» तेव्हा येशू आत्म्याकडून अरण्यात नेला गेला. इथे नेणारा कोण ते «आ स्पिरितू» या शब्दांनी सांगितलं आहे, «आ» हे शब्दयोगी आणि पुढे पंचमी. खऱ्या कर्मणीत कर्ता असा येतो. नव्या वचनात «आब एओ» (त्याच्याकडून) असतं तर तिचा अर्थ उभा राहिला असता. तिथे आहे «एउम», साधी द्वितीया. ज्या क्रियापदाला द्वितीयेतलं कर्म चालतं ते अर्थाने कर्तरीच असणार, मग त्याचं अंग कसंही दिसो. मत्तय त्याच्या मागे गेला, एवढाच त्याचा अर्थ होतो.

हा निकष मी अजूनही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला देते. शंका आली की द्वितीया शोधा आणि «आब» शोधा. दोन्हींपैकी काहीच नसेल तर संदर्भ पाहा. पण निकषाने अर्थ लागला तरी कोडं सुटत नाही. असं क्रियापद मुळात का असावं?

जे टाकलंच नाही ते

लॅटिन पाठ्यपुस्तकं या क्रियापदांना «डिपोनंट» म्हणतात. हा शब्द «देपोनेरे», खाली ठेवणं, बाजूला टाकणं, यावरून आला. रोमन वैयाकरणांची कल्पना अशी, की या धातूंची रूपं कर्मणी, पण कर्मणी अर्थ त्यांनी टाकून दिला. इंग्रजी पुस्तकांतून तीच व्याख्या आपल्याकडे येते: रूप कर्मणी, अर्थ कर्तरी, अपवाद समजून पाठ करा. मला ही मांडणी मराठी विद्यार्थ्यासाठी निरुपयोगीच नव्हे तर नुकसानकारक वाटते, कारण «सेक्वोर» या धातूने कधीच काही टाकलेलं नाही. कर्मणी अर्थ त्याच्याकडे कधी नव्हताच. आणि हे समजायला लागणारं सगळं सामान आठवी ते दहावी संस्कृत शिकलेल्या मुलीच्या दप्तरात असतं.

मी तिला «लभ्» चालवायला सांगितलं. लभते, लभेते, लभन्ते. पुढे विचारलं, कर्तरी की कर्मणी? ती म्हणाली, «कर्तरी. लभ् आत्मनेपदी आहे ना.» मग «नी»चं कर्मणी विचारलं. नीयते, नीयेते, नीयन्ते. शेवट कोणते? तेच. -ते, -एते, -अन्ते. संस्कृतात धातूंना लागणाऱ्या दोन प्रत्ययमालांपैकी «-ति, -अन्ति»वाली ती परस्मैपद आणि ही आत्मनेपद.

पाणिनीने हे दोन्ही एकापाठोपाठ एक सांगितलं आहे. अष्टाध्यायीतलं १.३.१२ हे सूत्र «अनुदात्तङित आत्मनेपदम्» आणि १.३.१३ «भावकर्मणोः». पहिलं सांगतं, की धातुपाठात अमुक खूण असलेल्या धातूंना आत्मनेपदाचे प्रत्यय लागतात. लभ् किंवा वन्द् आत्मनेपदी असतात, ते या नियमाने. दुसरं सांगतं, की भावे आणि कर्मणि प्रयोगातही आत्मनेपदच. लॅटिनमध्येही नेमकं हेच घडलंय. «दूकितुर», तो नेला जातो, आणि «सेक्वितुर», तो मागे जातो, या दोघांचा शेवट «-इतुर» हाच. पाणिनीला लभते हे रूप विचित्र वाटलं नाही. आत्मनेपद हे मुळात कर्मणीचं घर आहे आणि लभ् तिथे भाड्याने राहतो, असं तो कुठेही म्हणत नाही. एकच प्रत्ययमाला, दोन कामं. लॅटिन शिकतानाही आपण तसंच म्हणावं: सेक्वोर हा आत्मनेपदी धातू आहे. संस्कृत परंपरेत वाढलेल्या वाचकाला आणखी काही सांगावं लागू नये.

एक फरक मात्र सांगायला हवा. संस्कृतात कर्मणीसाठी मध्ये «य» येतो, नीयते. त्यामुळे लभते आणि लभ्यते वेगळे ओळखू येतात. लॅटिनने अशी खूण ठेवली नाही, म्हणून तिथे धातू कोणत्या जातीचा हे शब्दकोशातूनच कळतं. शब्दकोशात नोंद «सेक्वो» अशी नसते, «सेक्वोर, सेक्वी, सेकूतुस सुम» अशी असते. पहिलंच रूप «-ओर»ने संपलं की ओळखायचं. आपल्या संस्कृत पुस्तकात धातूपुढे कंसात «१ आ. प.» (पहिला गण, आत्मनेपद) लिहिलेलं असतं, त्याचंच काम ही नोंद करते.

सचस्वा नः

आता मूळ. भाषाशास्त्रज्ञ या धातूचं आदिम भारोपीय रूप «सेक्व» असं मांडतात, अर्थ मागोमाग जाणं, सोबत असणं. लॅटिनमध्ये तो जवळजवळ तसाच राहिला. ग्रीकमध्ये आरंभीचा स गळून ह झाला, क्व चा प झाला, आणि «हेपेताइ» हे रूप मिळालं. संस्कृतात ज्या क-वर्गीय ध्वनीपुढे ए होता त्याचा च झाला आणि नंतर त्या ए चा अ झाला: «सचते». जुन्या आयरिशमध्ये «सेखिथिर». चारही भाषांतला अर्थ एक, आणि चारही ठिकाणी हा धातू आत्मनेपदी वळणाचाच. युरोपच्या पश्चिम टोकाच्या आणि सप्तसिंधूच्या काठच्या भाषांना ही एकच लकब असेल, तर ती त्यांच्या समाईक पूर्वज भाषेतली असणार. सेक्वोरने कर्मणीपण टाकल्याची गोष्ट म्हणूनच उभी राहत नाही. तो जन्मापासून असा आहे.

लॅटिन आणि आयरिश रूपांतला शेवटचा «र» आपल्याला परका वाटतो. तोही अगदी परका नाही. शी धातूचं वर्तमानकाळी तिसऱ्या पुरुषाचं बहुवचन काय? शेरते. हा र कुठून आला असं शाळेत विचारलं की «असंच असतं» हे उत्तर मिळतं. हा आत्मनेपदाच्या बहुवचनातला जुना र आहे. लिट्‌मधल्या (परोक्ष भूतकाळातल्या) चक्रिरेमध्येही तो दिसतो. हित्ती आणि तोखारी या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाचल्या गेलेल्या भाषांतही मध्यम प्रयोगात, म्हणजे आपल्या आत्मनेपदाच्या जोडीदारात, र निघाला, तेव्हा कळलं की हा र लॅटिनची खासगी मिळकत नाही.

आणि आता तिची पहिली चूक, «सेक्वेरे». ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्ताची शेवटची ऋचा बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते: «स नः पितेव सूनवेऽग्ने सूपायनो भव । सचस्वा नः स्वस्तये ॥» बाप मुलाला जसा सहज भेटतो तसा, अग्ने, तू आम्हाला हो, आमच्या कल्याणासाठी आमच्या सोबत राहा. यातलं «सचस्व» म्हणजे सच् धातूचं लोट् (आज्ञार्थ), मध्यम पुरुष, एकवचन, आत्मनेपद. «सेक्वेरे» म्हणजे सेक्वोरचा आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन. हे दोन्ही एकाच धातूचं एकच रूप आहे. मूळ प्रत्यय «-सो». ग्रीकमध्ये दोन स्वरांतला स नाहीसा झाला आणि «हेपेओ» उरलं. संस्कृतात त्याला व चिकटला आणि «-स्व» झालं. लॅटिनमध्ये दोन स्वरांमध्ये सापडलेल्या स चा र होतो. जनस्, जनसः याचं लॅटिन भावंड «गेनुस, गेनेरिस» आहे, त्यात हाच बदल दिसतो. म्हणून «सेक्वेसो»चं शेवटी «सेक्वेरे» झालं.

मग «दूकेरे»मधला रे? तोही एकेकाळी स होता, पण वेगळ्या प्रत्ययाचा, «-सि»चा. «एस्से» (असणे) या शब्दात तो स दुसऱ्या स ला टेकून राहिल्यामुळे वाचला. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन रे एकाच जागी येऊन थांबले आणि माझी विद्यार्थिनी तिथे अडखळली. सेक्वोरचं मूळ नाम «सेक्वी» असतं, «सेक्वेरे» कधीच नसतं. तेव्हा आत्मनेपदी धातूला «-रे» दिसला की पहिला विचार आज्ञार्थाचा करायचा.

तिने «सचस्व» आणि «सेक्वेरे» एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, «पण इथे माणूस देवाला म्हणतोय, आमच्यासोबत राहा. आणि तिथे उलट आहे.» खरं आहे. एक हाक खालून वर जाणारी आहे आणि दुसरी वरून खाली येणारी. धातू, पुरुष, वचन, अर्थ सगळं तेच. हे तिचं तिने पाहिलं, मी दाखवलं नव्हतं.

गतः, आणि «मी विसरले»

«सेकूतुस एस्त»ची चूक जास्त खोल होती. इथे आत्मनेपदाचे प्रत्यय नाहीतच. धातुसाधित विशेषण आणि «आहे» एवढंच आहे. मग «दुक्तुस» कर्मणी आणि «सेकूतुस» कर्तरी हे कसं ठरलं?

याला आपल्याकडे इतका नेमका जोडीदार आहे की तो आठवला नाही तरच नवल. «नीतः» आणि «गतः», दोन्ही क्तान्त, म्हणजे क्त प्रत्यय लागलेली भूतकाळवाचक धातुसाधितं. «रामः वनं नीतः» म्हणजे राम वनात नेला गेला. «रामः वनं गतः» म्हणजे राम वनात गेला, वनम् द्वितीयेतच. शेवट एकच आणि प्रयोग वेगळे. पाणिनीने यासाठीही सूत्र ठेवलंय, ३.४.७२, «गत्यर्थाकर्मक» या शब्दांनी सुरू होणारं: गतिवाचक आणि अकर्मक धातूंना, शिवाय आणखी काही नाव घेऊन सांगितलेल्यांना, क्त प्रत्यय कर्त्याच्या अर्थानेही लागतो. मागे जाणं ही गतीच. «सेकूतुस एस्त एउम» याचं संस्कृत «स तम् अनुगतः». विभक्तीसुद्धा बदलावी लागत नाही.

पण संस्कृतापर्यंत जायचीही गरज नाही. मराठी सकर्मक क्रियापदं भूतकाळात कर्त्याला «ने» लावायला लावतात आणि स्वतः कर्माच्या मागे जातात: त्याने भाकरी खाल्ली, तिने आंबा खाल्ला. तरी काही सकर्मक क्रियापदं हट्टाने कर्त्यालाच धरून राहतात. ती धडा शिकली. तो चहा प्याला. मी खरं बोलले. मी त्याचं नाव विसरले. इथे «मी विसरले» म्हणणारी बाई आहे हे क्रियापदावरून कळतं. पुरुष «मी विसरलो» म्हणेल. लॅटिनमध्ये विसरणं «ओब्लिविस्कोर» आणि बोलणं «लोक्वोर», दोन्ही डिपोनंट! पुरुष म्हणेल «ओब्लीतुस सुम», बाई म्हणेल «ओब्लीता सुम». बोललो, «लोकूतुस सुम». बोलले, «लोकूता सुम». मराठीतलं प्रत्येक असं क्रियापद लॅटिनमध्येही असं आहे, असं मुळीच नाही. शिकण्याचं लॅटिन «दिस्को» सरळ साधं आहे. पण तत्त्व तेच: भूतकाळाचं रूप मुळात विशेषण असल्यामुळे ते लिंग-वचन घेतं, आणि काही क्रियापदांत ते विशेषण कर्त्याचं असतं.

इंग्रजीतून लॅटिन शिकणाऱ्याला हे लिंगवचन वेगळं लक्षात ठेवावं लागतं. मराठी माणूस रोज घरात हेच बोलतो. मत्तय ८:१ मध्ये येशू डोंगरावरून उतरतो तेव्हा «सेकूते सुन्त एउम तुर्बे मुल्ते», पुष्कळ समुदाय त्याच्या मागे गेले. «तुर्बा» स्त्रीलिंगी, म्हणून «सेकूते». मराठीत झुंडी म्हणा, «झुंडी त्याच्या मागे गेल्या». या «गेल्या»तला ल्या ऐकला की «सेकूते» पाठ करावं लागत नाही.

पेत्राबरोबर चालवलेला धातू

तक्ते पाठ करून घेण्याऐवजी आम्ही हा धातू येशूचा शिष्य पेत्र याच्या मागून चालवला. शुभवर्तमानांत या क्रियापदाची जवळजवळ सगळी महत्त्वाची रूपं त्याच्या आसपास सापडतात.

सुरुवातीला तो आणि त्याचा भाऊ जाळी टाकून निघतात: «सेकूती सुन्त एउम» (मत्तय ४:२०), भूतकाळ, तृतीय पुरुष, पुल्लिंगी बहुवचन. पुढे तोच हिशेब मागतो (१९:२७): «एक्के नोस रेलीक्विमुस ओम्निआ, एत सेकूती सुमुस ते», पाहा, आम्ही सगळं सोडून आपल्या मागे आलो, मग आम्हाला काय मिळणार? एकाच श्वासात दोन भूतकाळ. सोडलं, «रेलीक्विमुस», एका शब्दाचा साधा; आलो, «सेकूती सुमुस», दोन शब्दांचा. शिष्यत्वाची अट सांगतानाचं रूप (१६:२४) «सेक्वातुर मे», त्याने माझ्या मागे यावं. मराठीतला विध्यर्थ.

योहानाच्या तेराव्या अध्यायात, शेवटच्या रात्री, येशू पेत्राला म्हणतो: «क्वो एगो वादो नोन पोतेस मे मोदो सेक्वी: सेक्वेरिस आउतेम पोस्तेआ.» मी जातो तिथे तू आत्ता माझ्या मागे येऊ शकत नाहीस, पण नंतर येशील. एका ओळीत मूळ नाम «सेक्वी» आणि भविष्यकाळ «सेक्वेरिस». हा भविष्यकाळ बोलताना जपायचा. मधला ए दीर्घ आणि आघात त्यावर: से-क्वेऽ-रिस. ए ऱ्हस्व ठेवून पहिल्या अक्षरावर आघात दिला की तेच रूप वर्तमानकाळाचं होतं, «तू मागे येतोस». लिहिताना फरक दिसत नाही, कारण छापील मजकुरात दीर्घाची खूण सहसा नसते. त्यामुळे «नंतर» हा शब्दच वाचकाला वाचवतो.

त्याच रात्री पुढे (मत्तय २६:५८), अटक झाल्यावर: «पेत्रुस आउतेम सेक्वेबातुर एउम आ लोन्गे.» पेत्र दुरून त्याच्या मागे जात होता. अपूर्ण भूतकाळ. «सेकूतुस एस्त» म्हटलं असतं तर जाण्याची क्रिया एक घटना म्हणून संपली असती. «सेक्वेबातुर»ने ती रेंगाळते. जावं की न जावं या घालमेलीत अंतर ठेवून चालत राहिलेला माणूस दिसतो. माझ्या मते साऱ्या लॅटिन बायबलात या काळाचा इतका चपखल वापर फार थोड्या ठिकाणी आहे. आणि अगदी शेवटी, पुनरुत्थानानंतर, पेत्र दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवून «याचं काय?» विचारतो, तेव्हाचं उत्तर (योहान २१:२२): «तू मे सेक्वेरे.» तू माझ्या मागे ये. «तू» हा शब्द लॅटिन आणि मराठीत एकच.

राहिलेली रूपं लवकर उरकता येतात. वर्तमानकाळ: सेक्वोर, सेक्वेरिस, सेक्वितुर, सेक्विमुर, सेक्विमिनी, सेक्वुन्तुर. अपूर्ण भूतकाळ: सेक्वेबार, सेक्वेबारिस, सेक्वेबातुर आणि पुढे तसंच. भविष्य: सेक्वार, सेक्वेरिस, सेक्वेतुर, सेक्वेमुर, सेक्वेमिनी, सेक्वेन्तुर. अनेकवचनी आज्ञार्थ सेक्विमिनी, वर्तमानाच्या द्वितीय पुरुषासारखाच. «सेक्वार» हे एकट्याने दोन अर्थांचं आहे, «मी मागे येईन» आणि «मी मागे यावं». मत्तय ८:१९ मध्ये एक शास्त्री म्हणतो «माजिस्तेर, सेक्वार ते», तिथे पुढच्या «आपण जिथे जाल तिथे» या शब्दांमुळे भविष्यच घ्यायचं.

एक गोष्ट मात्र सावकाश सांगावी लागते. आत्मनेपदी धातूची काही रूपं उघडउघड परस्मैपदी साच्यातली असतात. वर्तमान धातुसाधित «सेक्वेन्स» (मागे येणारा), भविष्य धातुसाधित «सेकूतूरुस» आणि क्रियानाम «सेक्वेन्दी, सेक्वेन्दो». संस्कृतात लभमान, सचमान असा वेगळा शानच् (आत्मनेपदी वर्तमान धातुसाधित) मिळतो, लॅटिनने तो गमावला, म्हणून हे उसने आणले. उलट «सेक्वेन्दुस», ज्याच्या मागे जायला हवं असा, हे रूप खरोखरच कर्मणी अर्थाचं आहे, अनुसरणीय.

क्रियानामाचं सुंदर उदाहरण याच वचनाच्या आधाराने जगप्रसिद्ध झालं. आठव्या शतकात वारलेला इंग्लंडातला संन्यासी बीड याने मत्तयाच्या पाचारणावर प्रवचन लिहिलं. त्यात तो म्हणतो, की येशूने त्या जकातदाराकडे «मिसेरान्दो आत्क्वे एलिगेन्दो», दया करत आणि निवडत, पाहिलं आणि म्हणाला, सेक्वेरे मे. हेच तीन शब्द पोप फ्रान्सिस यांचं बोधवाक्य होते. «मिसेरान्दो» हे «मिसेरोर» या डिपोनंट धातूचं, «एलिगेन्दो» हे साध्या «एलिगो» धातूचं. इथे मात्र दोघांच्या रूपात काही फरक नाही.

सोसायटीचा सचिव

या धातूची पिलावळ आपल्या बोलण्यात भरपूर आहे. «सेकुन्दुस» म्हणजे मागून येणारा, म्हणून दुसरा. तासाचे साठ भाग ही पहिली बारीक वाटणी, त्याचे पुन्हा साठ ही दुसरी, तिचं नाव आपल्या घड्याळातला सेकंद. सिक्वेल, सिक्वेन्स, एक्झिक्युटिव्ह, अंगावरचा सूट, सगळे इथलेच. «सोकिउस», सोबती, यावरून सोसायटी. आणि सच् धातूवरून, जो राजाच्या सोबत असतो तो सचिव. कुठल्याही गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर सोसायटी आणि सचिव हे शब्द शेजारी शेजारी लिहिलेले असतात, एक रोमहून फिरून आलेला, एक इथलाच, धातू एकच.

लॅटिनच्या लेकींनी मात्र आत्मनेपद ठेवलं नाही. बोलणाऱ्यांनी हळूहळू या धातूंना साध्या धातूंच्या रांगेत बसवलं. पोर्तुगीज आणि स्पॅनिश «सेगीर», इटालियन «सेग्वीरे» ही सरळ परस्मैपदी वळणाची क्रियापदं आहेत. मरणं, «मोरिओर», याचंही तसंच झालं. मोरिओर म्हणजे आपला म्रियते, तोही आत्मनेपदी, तिथेही मध्ये तो य.

म्रियते निघालं म्हणून शेवटचा मजकूर मी तोच दिला, कोणतीही मदत न करता. मत्तय ८:२२. एक शिष्य आधी वडिलांना पुरून येऊ द्या म्हणतो, त्यावर उत्तर: «सेक्वेरे मे, एत दिमित्ते मोर्तुओस सेपेलीरे मोर्तुओस सुओस.»

तिने पेन्सिलीने दोन रे अधोरेखित केले. «पहिला आज्ञार्थ, कारण धातू सेक्वोर. दुसरा मूळ नाम, सेपेलिओ साधा धातू आहे, पुरणं. आणि मोर्तुओस दोन्ही वेळा द्वितीयेत, मॅडम, पण पहिला मोर्तुओस पुरणारा आहे.» थोडं थांबून तिने अर्थ लिहिला: माझ्या मागे ये, आणि मेलेल्यांना आपापल्या मेलेल्यांना पुरू दे. मग «मोर्तुओस»च्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं, «मृत, क्त, कर्तरि».